ठोकळा

स्ट्रॉमनेसमध्ये वारा न विचारता आत येतो
आणि जाताना दार लावत नाही.
बंदरावरच्या चिंचोळ्या गल्लीत, अशाच एका दारामागे,
सिगर्ड लिनक्लेटर, निवृत्त, फेरीच्या इंजिनावरचा,
दोन वर्षं पवनचक्की जुळवतोय.
हब मोडीतल्या व्हॅनचा. चकतीवर बारा चुंबकं, विटांसारखी.
आणि नऊ वेटोळी, गोल,
एकाच सोऱ्यातून चकल्या पडाव्यात तशी.

"अकरा व्होल्ट," काट्याकडे बघत तो म्हणाला,
"आणि वारा तर बघ, कौलं उडवतोय."

माझे वडील कुर्डुवाडीला मोटारी भरायचे.
जळालेली मोटार आपल्याकडे भरतात,
हे त्याला इंग्रजीत सांगता येईना,
म्हणून एवढंच म्हटलं, गोल नको.

तो चिडला. गोलात म्हणे सगळ्यात कमी तार
सगळ्यात जास्त जागा अडवते.
अडवू दे. चुंबकाला जागेचं काय?
त्याला वाटेत आडवी येणारी तार लागते.
गोलातली बरीचशी त्याच्याच दिशेनं चालते,
हो ला हो म्हणते,
फुकट तापते.

मग कैरीच्या फोडीसारखा साचा कापला,
आसाकडे निमुळता, बाहेर रुंद,
दोन्ही बाजू सरळ, आडव्या पडणाऱ्या.
तांबं जास्त मावावं म्हणून मधलं भोक मी बारीक ठेवलं.
ऐंशी वेढे. मेणकापड. बोटांना वार्निशचा वास.
चक्की फिरली.
नऊ व्होल्ट.

सिगर्ड हसला नाही, हे त्याचे उपकार.
किटली लावायला गेला, आणि बराच वेळ आला नाही.

मी वेटोळं हातात धरून बसले.
भोक चुंबकाहून लहान, म्हणजे
डावी बाजू आणि उजवी बाजू
एकाच वेळी एकाच चुंबकाखाली.
एक जे आणते ते दुसरी परत करून येते.
वडिलांच्या साच्यात मधोमध सागाचा ठोकळा असायचा,
त्यावर खिळ्यानं कोरलेलं: हा झिजू देऊ नका.
मला वाटायचं, लाकूड महाग म्हणून.

तार मोजत बसले होते मी,
मोजायचं होतं ते न गुंडाळलेलं.

तिसऱ्यांदा ठोकळा चुंबकाएवढा कापला.
वेढे कमी बसले, बासष्ट.
शेडच्या पत्र्यावर पाऊस आडवा पडत होता, तिकडे तसाच पडतो.
काटा बारा ओलांडून गेला, चौदाशी अडखळला,
तिथेच थरथरत राहिला.
"हं," सिगर्ड म्हणाला.
ऑर्कनीत याला भाषण म्हणतात.

गोल वेटोळी त्यानं फेकली नाहीत,
दारामागच्या खिळ्याला अडकवली आहेत, आठ.
नववं मांजराला खेळायला.
आणि ठोकळा माझ्याकडे आला.
यंत्रात आता त्याचा काही उपयोग नाही.
मी त्यावर चहाचा कप ठेवते.