चार वॅट

रेणू पुण्याहून सांगते: आई, रात्री पूर्ण बंद करत जा,
उगीच का वीज जाळायची.
मला सांगते.
एकतीस वर्षं वीज कंपनीच्या बिलिंगमध्ये काढली मी,
रावपुऱ्यात कुणाकडे नवा फ्रिज आला
ते मला पेढ्यांच्या आधी आकड्यांवरून कळायचं.

तर हिशेब असा.
झोपलेला कॉम्प्युटर चार वॅट खातो,
स्पीकरचा लाल ठिपका धरला तर पाच.
दिवसाचे वीस तास, महिन्याचे तीस दिवस:
तीन युनिट.
वीसेक रुपये.
कोपऱ्यावर सेवउसळीची अर्धी प्लेट येत नाही त्यात,
वर तर्री मागितली तर तो माणूस
आपण त्याचं घर मागितल्यासारखा बघतो.

हिशेब इथे संपायला हवा.

पण ह्यांच्या पडद्यावर सतरा खिडक्या उघड्या असतात.
आमच्या घरात खिडकीला बारी म्हणतात,
शेजारणींकडून कधी उचलला तो शब्द, कळलंच नाही.
रेणूच्या लग्नात पुण्याचे व्याही हसले होते:
अहो, बारी म्हणजे पाळी ना?
त्या दिवसापासून हे असले शब्द जमवतात.
बारी, बारणं, फळिया.
कुठल्या गल्लीत कोण बोलतं, कुणाची आजी बोलायची,
एकेका शब्दासाठी तीन तीन फोन.
सकाळी माऊस हलवला
की रात्री सोडलेलं वाक्य तिथंच असतं,
कर्सर लुकलुकत,
आपण चपला शोधेपर्यंत
कुणी रिक्षा थांबवून धरावी तसं.

पूर्वी बंद करूनच झोपायचे.
सकाळी लावायचे आणि सरळ कामाला लागायचे.
दिवाळीनंतर केव्हातरी
मी त्यांना रिकाम्या पडद्यासमोर बसलेलं पाहिलं,
हात मांडीवर.
काय शोधताय?
तेच आठवतोय, म्हणाले,
आणि हसले, म्हणून मीही.
त्या रात्री मीच म्हटलं, राहू दे स्टँडबायला,
जुनं झालंय, सुरू व्हायला फार वेळ घेतं.
मशीनबद्दल बोलत होते मी.

वासी उत्तरायणाला दुपारी
कुणाचा तरी मांजा तारांवर बसला,
फट् झालं, आणि अख्ख्या दांडिया बाजाराची वीज गेली.
गच्च्यांवर लपेट लपेट चालूच होतं.
मी हातातली चिक्की तशीच टाकून खाली धावले.
काळ्या पडद्यात माझंच तोंड.
वीज तासाभरात आली.
सतरा बाऱ्या आल्या नाहीत.

हे म्हणाले, असू दे.
थोड्या वेळानं म्हणाले, मी 'ठ'वर होतो का गं?
'झ'वर.
झबलं आपलं की त्यांचं,
यावरून काल रात्री भांडलात माझ्याशी.
भांडलो? म्हणाले.
कोण जिंकलं?

आता रोज रात्री, हे दात घासत असताना,
मी जुन्या बिलाच्या पाठीवर लिहून ठेवते:
फाइल कोणती, शब्द कोणता, फोन कुणाला करायचा राहिला.
कागद कपाटात, टॉवेलांखाली. पेन्सिलही तिथंच.
ह्यांना माहीत नाही.
परवा पेन्सिलीला कुणीतरी टोक काढून ठेवलं होतं.

रेणूला मी 'बरं' म्हणते.
चार वॅटांत काय काय बसतं
ते फोनवर सांगण्यासारखं नाही,
आणि तिच्या मागे कुकरच्या शिट्ट्या होत असतात.

मग स्टँडबाय दाबते. आतला पंखा थांबतो.
अंधारात ठिपका पेटतो, विझतो.
मोजायची सवय जात नाही:
मिनिटाला पंधरा.
शेजारी ह्यांचे श्वास चौदा,
मग घोरणं सुरू होतं
आणि माझी मोजणी चुकते.