वायरमनचं मत

मी रतिराम लोनबले, वायरमन.
तेरा गावं, एकोणीस डीपी
अन् एक फोन, जो अंधार पडल्यावरच वाजते.
पिक्चरबद्दल मले विचारत असान
तं पयले हे ध्यानात घ्या:
शेवट म्या एकाचाबी पाह्यला नाई.
शेवटाच्या टायमाले मी खांबावर असतो.

तरी मत हाय. काऊन नसावं?

थे खुनाची सिरीज, आठ भागाची,
सारे म्हनत होते, पाय, पाय.
म्या पाह्यले साडेपाच.
पोलीस हुशार, बाई हुशार, पाऊसबी हुशार,
लाश भेटली का नेमका पडते.
पन त्या गावात लाईन कुठून येते?
तीन मैलात खांब नाई
अन् घरात फ्रिज, त्यात थंडगार पानी.
खुनी रायला बाजूले,
मी तारच शोधत बसलो.

अन् थो मोठा पिक्चर, आपल्याच भागातला म्हने.
हिरो दर वाक्याले 'बे' लावते,
जसा सांबार टाकते कोनी चहातबी.
माह्या बापानं जल्मात मले 'बे' म्हटलं नाई.
लय राग आला का म्हने, "या, लोनबले साहेब."
तवा समजाचं, आज मार हाय.
थे कोन लिहीन?

जंगलबी तसंच. ना मोह, ना येन,
सरळसोट निलगिरीच्या रांगा
अन् त्यातून वाघ निंगते, कॉम्प्युटरचा,
अन् झाडावरचं एक वांदर खाकरत नाई.
आमच्या नागभीडकडं या, म्हटलं,
वांदर पयले सांगते, वाघ मंग येते,
अन् बरेचदा येतबी नाई.
भेव तं त्या मधल्या टायमात असते.

एक मात्र साजरा होता. नाव आठवत नाई.
सासू अन् सून धान पाखडतात, बस.
वीस मिनिटं कोनी बोलत नाई.
हेल्पर सुखरू म्हने, "काका, नेट अटकलं का?"
"नाई रे बाप्पा, असंच रायते."
मंग सासू एक खडा उचलते,
सुनेच्या सुपात टाकते, मुद्दाम,
अन् दोघी हासतात.
काऊन हासतात थे सांगाच्या आत
पेंढरीचा फोन आला.

रायली थे रोजची सिरीयल, दोन वर्सं चाललेली.
झोपतानाबी अंगावर पावशेर सोनं,
अन् घरात कोनाले लघवीलेसुद्धा जाताना पाह्यलं नाई.
तिचा शेवटचा भाग होता, रविवारी.
आठ वाजून बावीस मिनिटाले आमच्या टोलीची डीपी उडाली.

सारी टोली खाली जमा.
बायानं मोबाईलच्या बॅटऱ्या माह्यावर धरल्या.
एवढा उजेड कोन्या हिरोवर पडला नसन.
अन् खाली सुरू झालं:
अनसूया गुरनुले म्हने, "थे आज घर सोडून जाईन."
"जाईन कुठी? फाटकावर मालगाडी उभी असन."
तानीबुढी म्हने, "म्या तं पयल्याच भागात कानाखाली दिली असती,
सिरीयल तिथंच खलास."
लय हासल्या.
मंग विमल बोरकुटे,
जिचा आवाज म्या मीटर रीडिंगच्या टायमालेबी आयकला नाई,
हळूच म्हने,
"थे परत येईन.
पन सामान घ्याले."

कोनी काई बोललं नाई.
एक बॅटरी बंद झाली.

फ्यूज बांधून झाला होता.
म्या तो लावला नाई.
पाच मिनिटं, कदाचित सात.
वरून धानाच्या बांध्या दिसत होत्या, काळ्याशार,
अन् खाली विमल अजून सांगत होती,
कोनतं सामान,
कोनत्या पेटीत.

रजिस्टरमंधी 'जम्पर तुटला' असं लिहिलं.
ऑफिसात सांगू नोका.

सकाळी अनसूयाले इचारलं, शेवट काय झाला?
"बेक्कार," म्हने, "तिचं त्याच्याशीच पुन्हा लगन लावलं."