खोली नंबर चारचा फोन

सक्करदऱ्याहून बंब यायला अकरा मिनिटं लागतात,
मानेवाड्याचा चौक मोकळा असेल तर.
हे मी फाइलमध्ये लिहून ठेवलंय, लाल शाईने,
फायर एनओसीच्या झेरॉक्सशेजारी,
जिची मुदत मार्चमध्येच संपली.

पोलीस मात्र रात्री सव्वादोनला ठरल्यासारखे यायचे.
बोलावणं खोली नंबर चारमधून.
यमुताई लोहकरे, वय एक्क्याऐंशी,
उशीखालचा बटणांचा फोन, आवाज अगदी शांत:
"मले इथं कोंडून ठेवलं हाये जी.
बेसा, पाण्याच्या टाकीमागं, निळं गेट,
गेटावर जास्वंद. लवकर या."
मुलाचं नाव चुकायचं त्यांचं.
पत्ता कधीच नाही.

धुर्वे हवालदार गाडी वळणावरच बंद करायचे,
ढकलत आणायचे, बाकीचे जागे होतील म्हणून.
टोपी मांडीवर, स्टुलावर बसून डायरी उघडायचे.
मला वाटायचं, नुसता पेन फिरवतात.
एकदा खांद्यावरून वाचलं:
'तक्रारदार यांना घरी जायचे आहे.
घर महाल भागात होते असे सांगतात.'
'होते'पाशी शाईचा ठिपका पडलेला.

गेल्या दिवाळीत यमुताई चालत निघाल्या होत्या,
सापडल्या हुडकेश्वरच्या पेट्रोलपंपावर, अनवाणी.
तेव्हा ठाण्यात मला सांगितलं गेलं,
मॅडम, दाराला बाहेरून कडी लावत जा.
जानेवारीत मॉक ड्रिलला नंदेश्वर साहेब आले फायरचे,
म्हणाले, बाहेरून कडी दिसली तर सही करणार नाही.
दोघांचंही बरोबर होतं.
दोघांचीही पत्रं एकाच फाइलमध्ये, एकाच पंचमध्ये ओवलेली.
मी ड्रिलच्या दिवशी कडी काढायची
आणि संध्याकाळी लावायची.

एकोणिसाव्या फोननंतर तिसरं पत्र आलं.
यंत्रणेचा अपव्यय. व्यवस्थापनाने दखल घ्यावी.
व्यवस्थापन म्हणजे मी,
दोन आया, एक वॉचमन, बत्तीस माणसं.
दखल घेतली. फोन काढून घेतला.
यमुताई काही बोलल्या नाहीत.
उशी उचलली, खाली पाहिलं, ठेवली.
पुन्हा उचलली.

नवव्या रात्री, मे महिन्यात,
दिवसभर शेहेचाळीस डिग्री भाजून भिंती अजून गरम,
हॉलमधल्या कूलरचं पाणी कधी आटलं कळलं नाही.
कोरड्या गवताने पेट घेतला.
धूर आधी पिवळा असतो, हे मला माहीत नव्हतं.
प्रमिला उईके गिऱ्हेपुंजे गुरुजींना चादरीसकट ओढत होती,
मी एकशे बारा लावला
आणि पत्ता आठवेना.
सात वर्षं नोकरी केली जिथे, तिथला.
"बेसा... बेसामध्ये... ते आपलं..."
पलीकडची मुलगी म्हणाली,
"निळं गेट ना? जास्वंदवालं?
आजी बऱ्या आहेत का?"

आजी.

मी पळाले. कडी तापलेली नव्हती,
तरी हात भाजल्यासारखा मागे आला.
यमुताई दारापाशी उभ्या, पदर खोचून, चपला घालून.
"किती येळ लावला," म्हणाल्या.

बंब तेरा मिनिटांत आला. चौक थोडा तुंबला होता.
माणसं बत्तीस मोजली, मग पुन्हा बत्तीस.
नंदेश्वर साहेबांनी टॉर्च फिरवला,
चार नंबरच्या दारावर थांबवला,
कडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं नाही.
रिपोर्टात काय लिहिलं, अजून आलेलं नाही.

कडी मीच काढली दुसऱ्या दिवशी,
चमच्याने, कारण स्क्रूड्रायव्हर जळालेल्या कपाटात होता.
चार भोकं राहिलीत, पुट्टी भरायची आहे.
आता तिथे एक खुर्ची असते,
खुर्चीत प्रमिला, तिची सुट्टी असली की मी.
रात्रभर एक माणूस अडकून पडतं. ट्रस्टींना हा खर्च पटत नाही.

फोन परत दिलाय.
सव्वादोन होतात. दारामागून ऐकू येतं,
बेसा, पाण्याच्या टाकीमागं...
मी ओठ हलवत सोबत म्हणते,
मग गेट उघडायला उठते.
धुर्वेंचा चहा बिनसाखरेचा.