वीस मिनिटं

असल्फ्याच्या टेकडीवर, आमच्या वरच्या गल्लीत
पाणी पहाटे चारला येतं
आणि चाळीस मिनिटांत जातं.
हे आधी सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

दिवेलागणीला कुंदाच्या हातावर पेज सांडली.
टोपाचं फडकं निसटलं,
मनगटापासून पार कोपरापर्यंत.
लग्नाला तेरा दिवस. चुडा तसाच.

गल्ली धावली. मायेनं धावली, कबूल.
कुणाच्या हातात टूथपेस्ट, कुणाच्या चिमटीत हळद,
लीलाधरच्या पोरानं शाईची दौत आणली,
हिराक्कानं मासळीच्या पाटीतला बर्फ.
मी म्हटलं, थांबा. काही लावायचं नाही.
बर्फसुद्धा नाही. साधं पाणी.

डॉक्टर नाही मी. अकरा वर्षं
जळिताच्या वॉर्डात बेडपॅन उचलले.
पण चिकटलेली हळद काढताना
माणूस कसं ओरडतं, ते ऐकलंय.

"किती पाणी?" सासूनं विचारलं.
वीस मिनिटं. धार तोडायची नाही.
तिनं ड्रमाकडे पाहिलं.
त्यात उद्याची डाळ होती, नवऱ्याची आंघोळ,
सकाळच्या डबड्याचं पाणी.
मग झाकण तिनंच काढलं.

आधी बांगड्या, हात सुजायच्या आत.
"हिरवा चुडा गं," मागून कुणी तरी.
फोडत नाहीये, वाढवतेय, मी म्हटलं,
आणि धारेखालीच एकेक सरकवली.
दोन अडल्या, त्या पकडीनं वाढवल्या.
कुंदा तेव्हा रडली. हातासाठी नाही.

मगामागून मग.
सातव्या मिनिटाला, "झालं ना आता?"
नाही.
बाराव्याला ड्रम पोकळ वाजला.
कुणी कळशी आणली, कुणी बादली,
आणि नळावरून दोन वर्षं अबोला धरलेली शेवंती
हंडा टेकवून गेली, एक शब्द नाही.
पाणी उंबरा ओलांडून, पायऱ्या उतरून
खालच्या गटारात जात राहिलं. सगळे बघत राहिले.

घड्याळ मी भिंतीवरचं धरलं, ते थोडं पुढे आहे,
म्हणून दोन मिनिटं जास्त.

मग धुतलेला अभ्रा, सैल, नुसता पांघरल्यासारखा.
खाली रिक्षा. हाताचं भाजणं घरी ठेवायचं नसतं.
तोवर एक फोड टरारून वर आलेला,
सासूच्या बोटांत सुई तयार.
राहू दे, मी म्हटलं.
एवढ्या गल्लीचं सांडलं,
तेवढं तिचं तिला ठेवू दे.

त्या रात्री कुणी भांडी घासली नाहीत.