पाच मीटरवर तीन मिनिटं

शनिवारी मानोय इस्कोनं आधी थुंकायला शिकवलं,
मास्कच्या काचेत, लाज न बाळगता.
मग खारं पाणी नाकात, घशात,
मी गुडघ्यांवर, उथळ समुद्रात.
दुमागेतेच्या कॉलेजात ताळेबंद जुळवणारी,
इथे साधा श्वास जुळेना.

"धरून ठेवू नकोस," तो म्हणाला,
"खाली साठवलेला श्वास वर येताना व्याज मागतो."

रविवारी बारा मीटर.
कान ठणकले. थांबले. नाक दाबून फुंकलं,
आत कुठंतरी दार किलकिलं झालं.
एक कासव गवत खात होतं,
दुकान बंद करून जेवायला बसलेल्या बाईसारखं:
घाई नाही, गिऱ्हाईक नाही.

मग अंगठा वर.
सगळ्यात बारक्या बुडबुड्याहून हळू, हा नियम.
आणि पाच मीटरवर दोरी धरून
तीन मिनिटं काहीच करायचं नाही.

ताताय कॉम्प्रेसरची पिवळी नळी दातांत धरून
याच पाण्यात उतरायचे,
जाळं भरलं की सरळ वर.
त्यांना कुणी मिनिटं शिकवली नाहीत,
शिकवली असती तरी
त्यांचे पैसे कुणी दिले असते?
काल डावा पाय ओढत
ते मला धक्क्यापर्यंत सोडायला आले होते.
फीबद्दल एक शब्द नाही,
फक्त म्हणाले, टोपी घे.

दोन मिनिटं दहा.
वर बांकाचं पोट, उन्हाचे तुकडे.
इस्को बोटांनी विचारतो, ठीक?
ठीक.

तीन झाली.
मी दोरी सोडत नाही अजून.