कारण निवडा

मानकोलीच्या पुलाखालून कंपनीची बस वळते.
तिथे आधी भात व्हायचा, असं तरे सर सांगतात;
जमीन त्यांच्याच काकांची. आता ते माझ्या रांगेचे सुपरवायझर.
गोडाऊन नंबर अकरा, टेबल सात.
मी परत आलेले कपडे उघडते.

एका नगाला चाळीस सेकंद.
पिशवी फाडायची, कपडा झटकायचा, बगल हुंगायची,
हो, हुंगायची, त्याला मशीन अजून आलेलं नाही,
खिशात बोटं घालायची, टॅग बघायचा,
मग पडद्यावर लोकांनी दिलेली कारणं:
साईज लहान. रंग फोटोसारखा नाही. विचार बदलला.
विचार बदललेल्यांचा ढीग सगळ्यात उंच.

खिशांत काय काय राहतं म्हणून सांगू?
सिनेमाची अर्धी तिकिटं, बडीशेप,
एकदा कुंकवात माखलेले सात तांदूळ.
एका ब्लेझरच्या आतल्या खिशात मुलाखतीची चिठ्ठी,
"स्वतःबद्दल सांगा"च्या खाली तीन ओळी, तिन्ही खोडलेल्या.
कारण: आता गरज नाही.
नोकरी लागली की नाही, ते पडद्यावर येत नाही.

त्यात ती साडी.
मोरपंखी, काठ जांभळा, बाराशे नव्याण्णव.
पहिल्यांदा आली श्रावणात, घोडबंदरच्या टॉवरमधून,
सत्ताविसावा मजला. पदराला पिनेची दोन भोकं आणि अत्तर.
कारण: रंग फोटोसारखा नाही.
मी ए लावला.
दुसऱ्यांदा ऐरोलीहून. काठाला मोगरा नि तूप, डोहाळेजेवण असणार.
कारण: कापड जाड.
तिसऱ्यांदा दिवाळीनंतर, कल्याणहून,
निरीत रांगोळीचा गुलाबी कण.

हजारोंतून ओळखली कशी?
पदरापासून वीतभर खाली एक आडवा धागा सुटलाय.
डोळ्यांना नाही दिसत. अंगठ्याला कळतो.
अंगठा बाबांचा.
राजेशम म्याकल, पद्मानगर, चार सांचे, तेही भाड्याच्या शेडमध्ये:
उजेडात न धरता सांगायचे
धोटा कुठे अडखळला, कांडी कधी संपली,
आणि चालवणारा तेव्हा जागा होता की नाही.
सांचे गेल्या साली भंगारात गेले, किलोवर.
तोलताना ते काट्याजवळ गेले नाहीत.
पाय लागला तर वजन चुकेल, म्हणाले.

तीनदा परत आलं की नियम सरळ आहे:
सी. गाठोडं.
उल्हासनगरचा व्यापारी येतो. तो काठ बघत नाही.

चाळिसातले बारा सेकंद उरले होते.
माझ्यापेक्षा जास्त समारंभ बघितलेत हिनं.
तीन बायकांनी एकेक दिवस हिला आपली म्हटलं
आणि टॅग आत खोचून, पाठ ताठ ठेवून,
ताटापासून दोन बोटं लांब बसल्या.
अशांचा राग यावा, हे ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं.
येत नाही.
टॅग टोचला असेल दिवसभर.

"ए म्याकल, झोपलीस का?" पलीकडच्या टेबलावरून रेहाना.
मी पिनेची भोकं नखानं मिटवली. जमतं तसं, धागा सरकतो.
घडी घातली, काठावर काठ,
आणि ए दाबला.
पडदा लाल झाला.
तरे सर आले, बघितलं, काही बोलले नाहीत,
सी दाबून गेले.
घडी मात्र मोडली नाही.

सुटताना गेटवर आमच्या पिशव्या उपड्या करतात:
डबा, कंगवा, रुमाल.
अंगातला निळा टी-शर्ट कंपनीचा,
सीझन संपला की धुऊन परत द्यायचा.
त्याचं कारण आम्हाला निवडावं लागत नाही.

बाबा दारात बसलेले. रोजचाच प्रश्न, "काय आलं आज?"
मी साडीचं सांगितलं. सुटलेल्या धाग्याचं.
ते बराच वेळ अंगठा तर्जनीवर घासत राहिले,
मध्ये काहीच नसताना.
मग म्हणाले,
"सुरतेचा माल असेल.
आपल्याकडे रात्रपाळीला चहा मिळायचा."