राहणार

शिवाजीनगर कोर्टाच्या मागच्या गेटाला
झेरॉक्सवाला आणि नारळपाणी यांच्यामधल्या फटीत
माझं टेबल. बावीस वर्षं.
पहिली अकरा टाईपरायटर, मग कीबोर्ड,
बोटांना अजून जोर लावायचीच सवय.

मजकूर पाठ असतो, मी मोकळ्या जागा भरते :
मी खाली सही करणार,
वय वर्षे इतके, धंदा अमुक, रा. तमुक,
सत्यप्रतिज्ञेवर कथन करतो की –

काल इद्रीस आला, टिळेकर वकीलबाईंनी पाठवलेला.
वय वर्षे वीस, धंदा शिक्षण, रा. कोंढवा खुर्द.
तिसऱ्या वर्षी बापाच्या खांद्यावरून आलेला.
बाप इथं शिकायला, तिकडे लढाई पेटली,
परतायचं राहून गेलं. पुढे बाप ससूनमध्ये गेला.
मूळ गाव?
विचारावं लागतं, रकाना आहे.
'ओमदुरमान,' तो म्हणाला, 'असं आई सांगते.'
नाईल नदी त्याला सातवीच्या भूगोलात भेटली
तीन गुणांसाठी :
उगम, लांबी, त्रिभुज प्रदेश.

लहानपणी आणलेल्या पोरांना घालवायचं नाही
असं सरकारनं म्हटलं होतं, लेखी.
दर वर्षी मुदतवाढ, दर वर्षी तोच शिक्का,
खिडकीतल्या हवालदारानं त्याला मिसरूड फुटताना पाहिलं.
मग मार्चात एक परिपत्रक, दीड पान.
'सदर सवलत संपुष्टात आणण्यात येत आहे.'
कोण आणतंय, ते वाक्यात नाही.
कर्ता गायब असला की घाबरावं
एवढं व्याकरण मला धंद्यानं शिकवलंय.

एकोणीस जण आहेत असे. दोन अफगाण बहिणी,
नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला, परीक्षा मे महिन्यात
आणि नोटिशीची मुदत एप्रिलात.
याचिका मुंबईला जाईल.
बाईंचा मुद्दा साधा : दिलेला शब्द मोडायचा
तर कारण सांगावं लागतं.
एवढंच? मी विचारलं.
'एवढंच टिकलं तर टिकेल.'
एका कोर्टानं याच मुद्द्यावर स्टे दिलाय,
दुसऱ्यानं फाईल मिटलीय.

मी टाईप करत होते :
सदर अर्जदार हा पुण्याचा रहिवाशी असून
तो स्क्रीनकडे वाकला.
'ताई, रहिवासी. दंत्य स.'
बावीस वर्षांत ही चूक कुणी काढली नव्हती,
जज्जसाहेबांनीसुद्धा.
बॅकस्पेस दाबलं. काय बोलणार,
पोरगं पुण्यात वाढलंय.

माझं स्वतःचं रा. दोनदा बदललं,
एकदा लग्नानं, एकदा रस्तारुंदीनं.
दुसऱ्या वेळचा अर्ज मीच टाईप केला
आणि स्वतःला निम्मे पैसे लावले.
तरी तेव्हा, हलवलं ते याच गावात.

नोटरी जेवायला गेलेले. थांबलो.
इद्रीसनं रा. वर बोट ठेवलं.
'हे पूर्ण लिहा ना. टिंब नको.'
अरे, सगळे असंच लिहितात, जागा वाचते.
'माझ्यात नका वाचवू.'
लिहिलं. राहणार.
मग दोघंही त्या शब्दाकडे बघत बसलो.
इतकी वर्षं मी ते पत्त्याचं शेपूट समजत होते,
आणि हे तर क्रियापद.
भविष्यकाळातलं.

नोटरी आले, बडीशेप चघळत,
शिक्का मारला, अर्धा फिका उमटला.
मी पैसे कमी सांगितले.
त्यानं पूर्ण दिले आणि पावती मागितली.
टायपिंगची कसली पावती रे?
'असू दे. सगळीकडे विचारतात,
अमक्या तारखेला कुठे होतास.'

पावतीपुस्तक शोधायला मला दोन खण उपसावे लागले.
तारीख घातली.
ठिकाण : पुणे.
खाली सही केली, जरा ठळक.